आमच्या मशीनमधले फेटे

मशीनचं ते दार मी उघडू देणारच नव्हते, हे आधीच सांगते. नंतर मीच ते उघडण्यासाठी जमिनीवर पालथी पडून झटले, ही गोष्ट वेगळी. पण सुरुवातीला मी कमरेवर हात ठेवून आईला म्हणाले होते, "राहू देत फेटे पाण्यात. उद्या निघू दे नवरदेवाला बोडक्यानं." आणि ते मी अगदी मनापासून म्हणाले होते.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. लोडशेडिंगनं सगळ्यांना जेरीस आणलं होतं तो काळ. मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर होते. कंपनीची बस फाट्यावर सोडायची, तिथून घर पायी. वडील दौंडला रेल्वेत गँगमनची नोकरी करून नुकतेच रिटायर झाले होते आणि दिवसभर घरात बसून आईच्या कामात चुका काढायचे. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागच्या गल्लीत. गल्लीत सगळी आम्ही बौद्ध माणसं. गावाच्या वरच्या अंगाला, मळ्यात, बंगला. बंगल्याला नाव होतं, फाटकावर संगमरवरात कोरलेलं होतं, पण गावात नुसतं बंगला म्हटलं तरी पुरायचं. उसाचे बागाईतदार, सोसायटीचं चेअरमनपद त्यांच्याच घरात.

त्या बंगल्यातले कपडे माझ्या आईनं माझ्या जन्माच्या आधीपासून धुतले होते.

ती मागच्या दारानं जायची. पुढच्या दारानं यायचं नाही, असं तिला कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि ती पुढच्या दारानं गेलेली मी कधी पाहिलीही नाही. मागे आड होता, आडाशेजारी धुण्याचा दगड. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचे आणि पेरूच्या झाडाखाली बसून राहायचे. आई धुवायची, पिळायची, दोरीवर घालायची आणि निघायची. एकदा माझी चप्पल तिथंच राहिली म्हणून दुपारी मी एकटी परत गेले. चेअरमनची आई, जिला सगळा गाव थोरल्या बाई म्हणायचा, दोरीपाशी उभी होती. हातात पितळी तांब्या. उन्हानं कडकडीत वाळलेल्या एकेका कपड्यावर ती बोटांनी पाणी शिंपडत पुढं चालली होती, आणि शिंपडून झालेला कपडा तिची सून दोरीवरून काढून घरात नेत होती.

मी घरी येऊन आईला विचारलं, "वाळलेले कपडे त्या परत ओले का करतात?"

आई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "त्यांची पद्धत हाय."

म्हणजे तिला माहीत होतं. रोज माहीत असूनही ती रोज जात होती. मला तेव्हा सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. पुढं आठवी-नववीत गेल्यावर उरलेलंही कळलं, आणि तो तांब्या जो डोक्यात बसला तो बसलाच. परीक्षेला बसताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना, लाइनवर उभं राहून पाय सुजल्यावर, कधीही मनात यायचा आणि माझी मान ताठ व्हायची. राग हा माझ्या उपयोगी पडलेला गुण आहे. लोक म्हणतात पोरीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे. म्हणू देत.

नोकरी पक्की झाल्यावर मी पहिली मोठी वस्तू घेतली ती कपडे धुण्याचं मशीन. फ्रिज घे, टीव्ही मोठा घे, असं सगळे सांगत होते. वडिलांच्या ओळखीच्या दौंडच्या दुकानातून ते टेम्पोनं आलं तेव्हा गल्ली गोळा झाली होती. समोरून दार असलेलं, गोल काचेचं. शेजारची मावशी त्या काचेत तोंड घालून म्हणाली, "नदीनं काय वाकडं केलं व्हतं गं तुझं?"

"नदीनं नाही केलं," मी म्हणाले.

त्याच दिवशी मी बंगल्यावर गेले. वहिनी, म्हणजे चेअरमनची बायको, तीच दोरीवरून कपडे काढणारी सून, मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, "उद्यापासून आई धुण्याला येणार नाही."

"का गं? काय कमी पडलं का?"

"नाही. आम्ही मशीन घेतलंय."

आतून थोरल्या बाईंचा आवाज आला. "मशीन घेतलंय म्हणं! काय धुनार हायती त्यात? आन् चालवता तरी येनार हाय का?" मी घरी येऊन मशीन सुरू केलं. आमच्या चादरी होत्या. आई मशीनसमोर मांडी घालून बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही, अधूनमधून नुसती म्हणायची, "बया, किती आपटतंय."

एवढं सगळं अशासाठी सांगितलं की त्या दिवशी मला काय वाटलं असेल ते कळावं.

लग्नसराई होती, ऊन मी म्हणत होतं. पहिली पाळी करून घरी आले तर आई मशीनसमोर त्याच जागी मांडी घालून बसलेली, पण चेहरा उतरलेला. मशीन बंद, दार बंद, आत काचेच्या अर्ध्यापर्यंत पाणी. आणि त्या पाण्यात गुलाबी, गर्द गुलाबी कापडाचा हा एवढा गोळा, मधूनमधून जरीचा काठ. आमच्या घरात असलं कापड नव्हतं. गावात होतं एकाच घरात. दोन दिवसांपूर्वी बंगल्यावरच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं होतं आणि सगळ्या भावकीनं हेच फेटे बांधून फाट्यापर्यंत वरात काढली होती. धाकट्याचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे फेटे इथं कशाला आले?"

वडील दारात बसून पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरला. त्यांना माहीत होतं म्हणजे.

"मी मशीन कशासाठी आणलं, आई? त्यांचं धुणं घरी आणून धुवायला? तिथं दगडावर धूत होतीस, आता इथं बटण दाबून धुतेस, एवढाच फरक?"

तेव्हाच मी ते फेटे पाण्यात राहू द्यायचं बोलले. दार उघडत नाही ते बरंच आहे, असंही म्हणाले. मशीनलासुद्धा अक्कल आहे, तुला नाही, असंही. आईशी मी असं कधी बोलले नव्हते. पण त्या क्षणी ती आडाजवळच्या दगडापाशी वाकलेली दिसत होती आणि मला ते सहन होत नव्हतं.

आईनं माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "झालं? आता माझं ऐक. वहिनी सोता आल्या व्हत्या. सकाळी. आपल्या दारात."

बंगल्यावरही मशीन होतं, आमच्यानंतर महिनाभरातच आणलेलं. पण मळ्यातल्या लाइनला त्या आठवड्यात रात्रीचीच लाईट होती, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. आईनं काम सोडल्यापासून आमच्या गल्लीतलं दुसरं कुणी तिकडं धुण्याला गेलं नव्हतं. फेटे धुळीनं आणि गुलालानं भरलेले. दुसरे आणायचे तर सगळ्या भावकीला एकसारखे, तेवढे शिरूरच्या बाजारात मिळेनात. आणि फेटे बांधणारा वरवंडचा, तो सकाळी उजाडताच येऊन बसणार.

"मी म्हनलं, धुते," आई म्हणाली. "पन न्यायला तुमीच यायचं. गडी धाडायचा न्हाई. फुडल्या दारानं यायचं, आन् मी हातात देईन ते हातात घ्यायचं. दोरीवर न्हाई, खाली ठेवायचं न्हाई. हातातनं हातात."

"आणि त्या हो म्हणाल्या?"

"न म्हनून काय करतील?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की तांब्या फक्त माझ्या डोक्यात आहे.

"आन् आता ह्ये दार," आई म्हणाली. "सांजच्याला वहिनी येतील, आन् मी काय दावू? थोरल्या बाई गावभर सांगतील, बगा, चालवता येत न्हाई म्हनलं व्हतं का न्हाई. ह्यांच्या मशीननं फेटे खाल्ले. त्या म्हातारीचं खरं हुईल गं."

ते मात्र मी होऊ देणार नव्हते. मेले तरी नव्हते. मी ओढणी कमरेला बांधली.

आईनं मशीन सुरू केल्यावर थोड्या वेळानं लाईट गेली होती, आणि परत आली तेव्हापासून मशीन नुसतं घुरघुरत होतं. पाणी जात नव्हतं, आणि पाणी आत आहे तोवर दार सुटत नव्हतं. मी बटणं दाबून पाहिली, बंद करून चालू केलं, दाराला धरून ओढलं. दार ढिम्म. संध्याकाळी परत लाईट जायची होती, म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत.

वडिलांच्या मोबाईलवरून दौंडच्या दुकानातल्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "लॉक गेलं असंल. गुरुवारी येतो. तवर हात लावू नका."

"गुरुवारपर्यंत नाही चालणार. आजच उघडायचंय."

"मग काच फोडा," असं म्हणून तो हसला. मी फोन ठेवला. बंगल्यावरून फोन गेला असता तर हा माणूस मोटरसायकलवर बसून तासाभरात हजर झाला असता, आणि हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

वडिलांनी पेपर बाजूला टाकला, कॉटखालून त्यांची रेल्वेतली पिशवी ओढली आणि त्यातून हातभर लांबीचा पाना काढला. रूळ जोडायच्या कामाचा. "सरक," ते म्हणाले. "ह्ये एका दणक्यात उघडतंय का न्हाई बघ."

"दादा, हे मशीन आहे, मालगाडी नाही."

"मालगाडी तरी बरी. तिला आपलं ऐकू येतं."

आईनं त्यांच्या हातातून पाना काढून घेतला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला. मग परत येऊन मशीनच्या खालच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक चौकोनी झाकण होतं, पत्र्याच्या रंगाचं, लक्षात न येणारं. "मशीन बसवाय आला व्हता त्यो पोरगा म्हनला व्हता, हितली जाळी साफ करत जावा. मी कवा हात लावला न्हाई. तूच म्हनली व्हतीस, झाकनामागं करंट असतो."

म्हणाले असेन. तिनं मशीन उघडून बसू नये म्हणून मी तिला बरंच काही सांगून ठेवलं होतं. मी बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली आणि पालथी पडून ते झाकण उचकटलं. आत मुठीएवढा एक गोल खुंटा होता, बाटलीच्या बुचासारखा फिरवायचा. तो फिरेना. आईनं पदर गुंडाळून दिला, त्यानं धरून जोर लावला. पहिल्यांदा थेंब आले, मग धार, आणि मग सगळं पाणी एकदम माझ्या अंगावर. गुलाबी पाणी. आईनं परात लावली, ती भरली. वडिलांनी बादली सरकवली. तोवर घरभर पाणी झालं होतं, पेपर भिजला होता आणि मी कोपरापर्यंत गुलाबी होऊन बसले होते.

त्याच वेळी बाहेर मोटरसायकल थांबली. बंगल्यावरचा गडी होता. दारातूनच म्हणाला, "मावशे, वहिनींनी फेटे आणायला धाडलंय."

मला वाटलं, आता आई देऊन टाकते. म्हणजे दार उघडलं असतं तर. घरात पाण्याचं तळं, मी भिजलेली, संध्याकाळ जवळ आलेली. अशा वेळी माणूस म्हणतो, जाऊ दे बाबा, ने एकदाचे. आई हातातली परात तशीच धरून दारात गेली.

"वहिनींना म्हनावं, बोलनं काय झालं व्हतं ते आठवा. सोता या."

"अगं, पर घरात पाव्हणं हायती. त्यांना कुठली सवड?"

"मग पाव्हन्यांना बोडकं धाडा," आई म्हणाली आणि परात त्याच्या मोटरसायकलच्या चाकाशेजारी ओतली. गडी पाय उचलून तसाच गेला. माझंच वाक्य तिनं वापरलं होतं, आणि माझ्यापेक्षा बरं वापरलं होतं.

मी खुंटा पूर्ण बाहेर काढला. त्याला जाळी होती आणि जाळीत पांढरं-लाल, फुगलेलं, गिळगिळीत काहीतरी गच्च भरलेलं. बोटानं खरवडून काढलं तर हातात मूठभर शिते आली. भात. मला काही कळेना. मशीनमध्ये भात कुठून येईल?

आईनं एक शीत बोटावर घेऊन उजेडात धरलं. "अक्षता," ती म्हणाली.

फेट्याच्या घड्यांत अक्षता बसल्या होत्या. मंगलाष्टकं चालू असताना साऱ्या मांडवानं उधळलेल्या, कुंकवात भिजवलेल्या. भावकीतल्या एवढ्या डोक्यांवरच्या फेट्यांत मूठ मूठ अडकली असेल, ती सगळी मशीनमध्ये भिजून, फुगून या जाळीत येऊन बसली होती. आणि आईनं फेटे झटकले नव्हते, कारण झटकायचे असतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या लग्नात अक्षता नसतात. आम्ही फुलं टाकतो, पाकळ्या. पाकळी कपड्यावर राहिली तर राहिली, तिचं कुणाला काही नसतं.

"पण तिथं फेटे धुतले होतेस की तू," मी म्हणाले. "बंगल्यावर."

"तवा दगडावर धूत व्हते. तांदूळ पान्यासंगं जायचं. चिमण्या टिपायच्या. कोन बघतंय?"

जाळी मी दात घासायच्या ब्रशनं घासली, वडिलांच्या. ते काही बोलले नाहीत, एवढ्यावरून त्यांचाही जीव किती गुंतला होता ते कळलं. खुंटा घट्ट बसवला, वायर लावली, बटण दाबलं. मशीननं एकदा घुं केलं, ताजं पाणी भरून फेटे घोळले, आणि मग नळीतून मोरीत खळखळ पाणी पडायला लागलं. आई मोरीच्या तोंडाशी उकिडवी बसून पाणी बघत होती. मशीन गरगर फिरायला लागलं, घर हादरायला लागलं, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो वडिलांनी हातानं धरून ठेवला. मग ते हळू झालं. थांबलं. आम्ही तिघं त्या काचेकडं बघत उभे. काही होईना. मी दाराकडं हात नेला तर आईनं मागं ओढला. "थांब. त्याला येळ दे."

आणि मग टक असा आवाज आला. एवढासा. आईनं स्वतः दार उघडलं.

फेटे एकमेकांत असे गुंतले होते की ओढायला गेलं तर एक लांबलचक वेणीच बाहेर यायला लागली, संपता संपेना. पण स्वच्छ होते. गुलालाचा मागमूस नाही. पिळून निघाल्यामुळं दमट, एवढंच.

वहिनी आल्या. चालत आल्या, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नघरातली धावपळ चेहऱ्यावर. गल्लीतल्या बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. आपापल्या घरात परत कुणीच गेलं नाही. वहिनी आमच्या उंबऱ्याशी थांबल्या, क्षणभर खाली बघितलं आणि आत आल्या. घरात अजून पाणी होतं, त्यांच्या साडीचा काठ भिजला.

"झाले का गं?"

"झाले. पन गुतल्यात. दोघींनी धरावं लागंल," आई म्हणाली आणि एका फेट्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. हातातून हातात. "असं धरा आन् मागं जावा. अजून. अजून मागं."

फेटा काय दोन हातांचा असतो? वहिनी मागं मागं जात उंबऱ्याबाहेर गेल्या, गल्लीत गेल्या, पार विहाराच्या पायरीपर्यंत गेल्या. एक टोक आईच्या हातात घरात, एक त्यांच्या हातात बाहेर, मध्ये सगळी गल्ली. "घट धरा, वहिनी. वढा. ढिलं सोडू नका." आई हुकूम सोडत होती आणि चेअरमनची बायको ते पाळत होती. शेजारची मावशी तोंडाला पदर लावून उभी होती. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीची मला लाज वाटली नाही. एकेक फेटा सोडवून, ताणून, घडी घालायला वेळ लागला. आईनं जराही घाई केली नाही.

शेवटी आईनं ताटलीत ठेवलेली ती शिते वहिनींसमोर धरली. "मशीनच्या जाळीत अडाकल्या व्हत्या. फुडल्या येळंला झटकून आना. आमच्यात फुलं टाकत्यात, आमाला ह्याची सवय न्हाई."

वहिनींनी ताटलीत बघितलं. "ह्यानं बंद पडलं व्हतं व्हय?" असं म्हणून त्या खरोखरच ओशाळल्या. मला त्या वाईट वाटल्या नाहीत कधी. त्यांनी पाणी शिंपडलं नव्हतं. फक्त शिंपडून झालेले कपडे आत नेले होते, वर्षानुवर्षं. हे मी विसरले नव्हते आणि विसरणारही नव्हते.

दोन गठ्ठे झाले. एक त्यांनी घेतला, दुसरा त्यांना पेलेना. गडी नको म्हणून आम्हीच सांगितलेलं. मग मी घेतला. मशीनजवळ पडून भिजलेल्या, गुलाबी डागांच्या ड्रेसवरच मी त्यांच्याबरोबर निघाले. बंगल्याच्या फाटकापाशी सवयीनं माझे पाय मागच्या वाटेकडं वळले, ते मी तिथंच सरळ केले आणि मांडवातून, पाहुण्यांमधून, पुढच्या दारानं वर गेले.

ओसरीवर खुर्चीत थोरल्या बाई बसल्या होत्या. खूप थकल्या होत्या, नजर कमी झाली होती. पण शेजारी तांब्या होता. तोच. आम्हाला बघून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटं बुडवली. "आन, हिकडं आन," त्या म्हणाल्या, आणि हात उचलला.

"आत्या, नका," वहिनी म्हणाल्या. "आदीच वलं हायती, अजून भिजलं तर सकाळपतुर वाळायचं न्हाईत."

थोरल्या बाईंचा हात तसाच वर राहिला. बोटांवरून पाणी त्यांच्याच लुगड्यावर ठिबकत होतं. वहिनींनी माझ्या हातातून गठ्ठा घेतला आणि आत नेला, न शिंपडताच.

कारण त्यांनी वाळण्याचं दिलं होतं. बाकी काही त्या बोलल्या नाहीत, आणि बोलतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. लोकांची मनं बदलावीत म्हणून मी मशीन घेतलं नव्हतं. आईच्या हातचे फेटे तसेच आत गेले, मला तेवढं पुरे होतं.

आणि मला तहान लागली होती. दुपारपासून पाण्यात होते आणि घशाला थेंब नव्हता. मी हात पुढं केला. थोरल्या बाईंना काय करावं सुचलं नाही, त्यांनी बोटं सैल सोडली असावीत, कारण तांब्या सहज माझ्या हातात आला. मी तो तोंडाला लावला आणि सगळा प्यायले. पाणी गार होतं. मग रिकामा तांब्या त्यांच्या मांडीवर परत ठेवला आणि आले त्याच दारानं बाहेर पडले. मागून कुणी हाक मारली नाही.

घरी आले तेव्हा लाईट गेली होती. आई दिवा लावून जमीन पुसत होती.

"काय म्हनल्या थोरल्या बाई?"

"काही नाही. त्यांच्या तांब्यातलं पाणी प्यायले मी."

आईचा हात थांबला. "वरनं?"

"तोंड लावून."

मला वाटलं, आता रागावते, नाहीतर रडते. तिनं फडकं बादलीत पिळलं आणि परत पुसायला लागली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पन त्यो तांब्या आता घासाय मी जानार न्हाई."